चष्मा आणि चेंडू

आपल्या भाषेत चष्मा 'लागतो'. ग्रहण लागते, दृष्ट लागते, गालबोट लागते आणि त्याच पंगतीत चष्माही लागतो. छत्री आपण घेतो, चप्पल आपण घालतो. चष्मा मात्र एखादी पीडा यावी तसा लागतो. भाषेचे अभ्यासक या क्रियापदाचा निराळा उलगडा करतील. पण आईबापांच्या तोंडून ते ऐकताना मला त्यात शोकाची छटा जाणवते. 'फादर, पोराला चष्मा लागला' असे सांगणारी माता जणू काही अशुभ वार्ता घेऊन आलेली असते. मुलगा खेळाडू असेल तर पुढचे वाक्य ठरलेले: 'आता खेळणं बंद.' मुलगी असेल तर पुढचे वाक्य खेळाविषयी नसते, तिच्या लग्नाविषयी असते. त्यावर एक स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

'आता खेळणं बंद' या तीन शब्दांविषयी मला येथे लिहायचे आहे. हा निर्णय घरोघरी इतक्या सहजपणे घेतला जातो, की त्यात मुलाचे काय हरपते याचा हिशेब कोणी मांडीत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे तो निर्णय डोळ्यांच्या दृष्टीने चुकीचा आहे आणि पैशाच्या दृष्टीनेही.

पनवेल हे जुने बाजारपेठेचे गाव आता महानगर झाले आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी येथे महानगरपालिका आली. आमच्या रविवारच्या मिस्सेला गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, वसईचे भाविक येतात, तसेच पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून पोटासाठी इकडे आलेले मराठी ख्रिस्ती बांधवही येतात. अशाच एका कुटुंबाची ही हकिकत आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील मी बदलले आहेत. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवतात. आई घरी बसून शाळेचे गणवेश शिवते. मुलगा अकरा वर्षांचा, आमच्या मुलांच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक.

या मुलाविषयी संघात एक तक्रार असे. जवळून मारलेला चेंडू तो हमखास अडवी, आणि लांबून, सावकाश येणारा चेंडू त्याच्या हातून सुटे. मुलांना विनामूल्य शिकवणारा आमचा तरुण प्रशिक्षक बुचकळ्यात पडला होता. 'फादर, याचं सगळं उलटंच आहे,' असे तो म्हणे. सोबत्यांनी त्याला आळशी ठरवून टाकले होते. धर्मशिक्षणाच्या वर्गावरील सिस्टरांनी मात्र आणखी एक गोष्ट टिपली होती. चर्चच्या भिंतीवरील फलकावर गीतांचे क्रमांक लिहिलेले असतात. हा मुलगा ते कधीच स्वतः पाहत नसे, शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावून पान काढी. सिस्टरांनी फलक आणि चेंडू यांची सांगड घातली आणि त्या तडक त्याच्या घरी गेल्या.

आईला ठाऊक होते. वर्षभरापासून ठाऊक होते. मुलगा दूरचित्रवाणीच्या पुढ्यात जाऊन बसतो, बसची पाटी डोळे बारीक करून वाचतो, हे तिने पाहिले होते आणि ती गप्प राहिली होती. तिच्या मौनाला कारण होते. गावाकडे तिच्या नात्यातील एका मुलाच्या डोळ्यात विटीदांडू खेळताना चष्म्याची काच शिरली होती आणि तो डोळा गेला होता. तिच्या लेखी चष्मा म्हणजे डोळ्यापुढे टांगलेली काच. चष्मा लावला तर खेळ सोडायला हवा, आणि खेळ सोडायला सांगितले तर पोरगा जेवणार नाही. त्यापेक्षा थोडे कमी दिसलेले बरे, असा तिचा विचार. या विचाराला अडाणीपणा म्हणायला माझी जीभ धजावत नाही. ज्या काळात चष्म्याला खरोखरच काच असे, त्या काळातील अनुभवावर तो बेतलेला होता.

पनवेलला नेत्रचिकित्सेची वानवा नाही. डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी उभे केलेले लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट येथे आहे, नवीन पनवेलला शंकरा नेत्र रुग्णालय आहे, शासनाचे उपजिल्हा रुग्णालय आहे. तेव्हा तपासणी कोठे करावी हा प्रश्न नव्हता. दुकानातल्या यंत्रावर दोन मिनिटांत नंबर काढून मोकळे व्हावे, असे वडिलांचे मत होते. सिस्टरांनी ते मोडून काढले आणि ते बरे झाले. लहान मुलाच्या डोळ्यातील भिंग आवळणारे स्नायू फार तत्पर असतात. तपासताना ते आपोआप आवळले जातात आणि नंबर आहे त्यापेक्षा जास्त निघू शकतो. म्हणून मुलाच्या डोळ्यांत थेंब घालून, ते स्नायू सैल करून मगच नंबर काढायचा असतो. त्या दिवशी मुलाला उन्हाचा त्रास होतो, जवळचे वाचता येत नाही, एखादा दिवस शाळा बुडते. तेवढे सोसावे. वाढत्या नंबरापेक्षा चुकीच्या नंबराने मुले चष्म्याला अधिक कंटाळतात.

नंबर निघाला उणे अडीच, दोन्ही डोळ्यांना सारखाच. याला निकटदृष्टिता म्हणतात. नेत्रगोल थोडा लांबट वाढतो, दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर पडण्याऐवजी अलीकडेच पडते, आणि अंतर्वक्र भिंग तिला मागे ढकलून जागेवर नेते. डॉक्टरांनी आईला एक सोपा हिशेब सांगितला, तो मला फार आवडला. शंभराला नंबराने भागायचे, म्हणजे मुलाला चष्म्याविना किती सेंटिमीटरपर्यंत स्पष्ट दिसते ते कळते. शंभर भागिले अडीच, म्हणजे चाळीस. हाताच्या अंतरापलीकडचे सारे जग या मुलाला धूसर होते, आणि तो गोलपोस्टमध्ये उभा राहत होता!

संत मार्कच्या शुभवर्तमानात बेथसैदाच्या आंधळ्याचा प्रसंग आहे. प्रभू येशू त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसते का? तो मनुष्य म्हणतो की माणसे दिसतात, पण ती चालत्या झाडांसारखी दिसतात. मग प्रभू पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो. सेमिनरीत असताना या दुसऱ्या स्पर्शावर आम्ही बरीच चर्चा केली होती. पहिला स्पर्श अपुरा का पडावा, हा आमचा प्रश्न. त्या दिवशी तपासणीच्या खोलीत एकामागून एक भिंगे बदलत 'आता दिसतंय? आता?' असे विचारणाऱ्या त्या तरुण तंत्रज्ञ मुलीकडे पाहताना मला वाटले, मार्कने हा तपशील गाळला नाही याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. 'थोडेसे दिसते' यावर प्रभूने त्या माणसाची बोळवण केली नाही.

शासनाने या बाबतीत काही केले नाही असे म्हणता येणार नाही. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्यात शाळकरी मुलांची तपासणी व मोफत चष्मे यांची तरतूद आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरासाठी प्रारंभ झाला तो आपल्याच पालघरमधून. त्यातही अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे डोळे तपासले जातात. अडचण पुढची आहे. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण माध्यमिक शाळांतून चष्मे दिलेल्या मुलांपैकी १,०१८ जणांना काही महिन्यांनी पुन्हा भेटून केलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा डोळ्यांवर असलेली मुले त्यात निघाली तीनशे! बाकीच्यांपैकी बहुतेकांचे चष्मे घरी होते, काहींचे मोडले होते. चष्मा देणे एक आणि चष्मा वापरला जाणे दुसरे. ज्या मुलाला 'ढापण्या' म्हणून हाक मारली जाते, ज्याला खेळताना चष्मा काढून दप्तरात ठेवावा लागतो, त्याचा चष्मा हळूहळू दप्तरातच राहू लागतो.

म्हणून खेळणाऱ्या मुलाचा चष्मा हा मैदानावर टिकणाराच हवा, आणि तो गरिबाला परवडणारा हवा. दुकानात आम्ही चौघे गेलो: आईवडील, मुलगा आणि मी. दुकानदार भला माणूस होता. मला पाहून त्याने उगाच महागड्या वस्तू पुढे केल्या नाहीत. काचेची भिंगे आता सहसा कोणी मुलांना देत नाही. नेहमीची प्लास्टिकची भिंगे, ज्यांना धंद्यात सीआर-३९ म्हणतात, ती स्वस्त असतात, काचेपेक्षा दणकट असतात. पण जोराचा चेंडू लागला तर त्यांचेही तुकडे होऊ शकतात. खेळासाठी मागायचे ते पॉलिकार्बोनेट. १९५३ मध्ये जर्मनीतील हर्मान श्नेल आणि अमेरिकेतील डॅनियल फॉक्स या दोन रसायनज्ञांना हा पदार्थ एकाच वर्षी, एकमेकांना न कळता गवसला. अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक पडदा ज्याचा करतात तोच हा. त्याचे भिंग सहजासहजी फुटत नाही, वजनाला हलके असते आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अडवते. त्याचा एकच दोष: ओरखडे लवकर पडतात. म्हणून ते शर्टाच्या टोकाने पुसायचे नाही, पाण्याने धुऊन मऊ फडक्याने टिपायचे. दुकानदाराने ते भिंग मेजाच्या कडेवर दाणकन आपटून दाखवले तेव्हा आईचा चेहरा पाहण्यासारखा होता. तिने ते स्वतःच्या हातात घेतले आणि पुन्हा आपटून पाहिले.

चौकट आम्ही लवचिक प्लास्टिकची घेतली, धातूची नाही. नाकावर मऊ गादी, आणि डोक्यामागून बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा. सारे मिळून १,४०० रुपये झाले. खास खेळासाठी बनवलेले, कडेने गादी असलेले नंबराचे गॉगल त्याच दुकानात साडेतीन हजारांच्या पुढे होते. ते अधिक सुरक्षित असतात यात शंका नाही. ज्या मुलाचा एक डोळा जन्मतः वा अपघाताने अधू आहे, त्याच्यासाठी तर तो खर्च टाळू नये. मन्सूर अली खान पतौडींनी १९६१ मध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गमावली आणि १९६२ मध्ये एकविसाव्या वर्षी ते भारताचे कप्तान झाले, ही कथा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पण उरलेल्या एका डोळ्यावर तसे वेगवान चेंडू झेलण्याचा सल्ला मी कोणत्याही मुलाला देणार नाही.

काँटॅक्ट लेन्सचा विषय वडिलांनी काढला; टेम्पोवाल्या मित्रांकडून त्यांनी ऐकले होते. मऊ लेन्सची जन्मकथा नाताळशी निगडित आहे. १९६१ च्या नाताळात चेकोस्लोव्हाकियाच्या ओटो विख्टर्ले या शास्त्रज्ञाने घरातील स्वयंपाकाच्या मेजावर, मुलाच्या खेळण्यातले जोडकामाचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र तयार केले आणि त्यावर पहिल्या मऊ लेन्स घडवल्या. अशा घरगुती जन्माची ही वस्तू आमच्या कुटुंबाला मात्र परवडणारी नव्हती. रोज वापरून टाकून द्यायच्या लेन्स मुलांसाठी सर्वांत स्वच्छ, पण दुकानदाराने एका दिवसाच्या जोडीचा भाव ऐंशी-नव्वद रुपये सांगितला. महिनाभर वापरायच्या लेन्स स्वस्त पडतात. परंतु त्या रोज औषधी द्रावणाने धुवाव्या लागतात, नळाचे पाणी लागलेले चालत नाही, त्या घालून पोहता येत नाही, झोपता येत नाही. नळाला दिवसाआड पाणी येते अशा घरात, मातीने माखलेल्या अकरा वर्षांच्या बोटांनी हे सारे पाळायचे! बुबुळाला जंतुसंसर्ग झाला तर दृष्टीच धोक्यात येते. डोक्याला डोके आणि अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत, उदाहरणार्थ कुस्तीत, चष्मा चालतच नाही. तेथे थोड्या मोठ्या, शिस्तीच्या मुलाने सामन्यापुरती लेन्स वापरावी हे समजण्यासारखे आहे. आपल्या रायगडची कबड्डी त्याच जातीची. पण तिचे अंगण मुळात लहान आहे आणि मध्यम नंबराची मुले चष्मा काढूनही ती खेळतात. लेसर शस्त्रक्रियेचा विचार अठरा वर्षांच्या आत करूच नये, कारण डोळा अजून वाढत असतो.

वडील म्हणाले, यंदा बूट घ्यायचे ठरले होते. आईने पिशवीतून बुटांसाठी साठवलेले पैसे काढून मेजावर ठेवले. ते साडेसातशे होते. उरलेले संत व्हिन्सेंट डी पॉल मंडळाने देण्याचे मी सुचवले तेव्हा तिने स्पष्ट नकार दिला. फुकट नको, म्हणाली. शेवटी वेदीसेवकांचे झगे जुने झाले होते, ते तिने शिवून द्यावेत आणि मंडळाने शिलाई द्यावी, असे ठरले. पाच झगे झाले. त्यांची शिवण पूर्वीच्या झग्यांपेक्षा सुबक आहे. (तेव्हा चष्म्यावरचा कर जास्त होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून भिंगे व चौकटी यांवरील जीएसटी ५ टक्क्यांवर आला आहे. दुकानदाराने तो कमी केला की नाही, हे पालकांनी पावतीवर पाहावे.)

चष्म्याचा इतिहास आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी किती निगडित आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २३ फेब्रुवारी १३०६ रोजी फ्लॉरेन्समध्ये प्रवचन देताना जोर्दानो दा पिसा या डोमिनिकन धर्मबंधूने सांगितले, की चष्मा करण्याची कला निघून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. ज्याने ती प्रथम शोधली त्याला ती कोणाला सांगायची नव्हती, अशी नोंद आहे. पिसाच्याच मठातील अलेस्सांद्रो देल्ला स्पिना या दुसऱ्या डोमिनिकनाने चष्मे पाहिले, स्वतः करून पाहिले आणि ती विद्या आनंदाने सर्वांना वाटून टाकली. तो १३१३ मध्ये निवर्तला. मूळ संशोधकाचे नाव आज निश्चितपणे कोणालाही सांगता येत नाही. आणखी दोनशे वर्षांनी आलेले पोप लिओ दहावे हे तर निकटदृष्टीचे होते. राफाएलने १५१८ च्या सुमारास काढलेल्या त्यांच्या चित्रात त्यांच्या हाती भिंग आहे. त्यांना शिकारीचा नाद होता आणि शिकारीच्या वेळी ते अंतर्वक्र भिंग डोळ्याला लावीत. त्या पोपमहाशयांच्या बऱ्याच गोष्टींचे समर्थन मी करणार नाही. पण चष्मा लागला म्हणून त्यांनी खेळ सोडला नाही, हे खरे.

मुलाला अर्थातच पोपांची कथा फारशी भावली नाही. त्याला मी १९७५ आणि १९७९ चे विश्वचषक उंचावणाऱ्या क्लाइव्ह लॉइडचे चष्मा घातलेले छायाचित्र दाखवले. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत सोळा बळी घेणाऱ्या नरेंद्र हिरवाणीचेही दाखवले. त्याने दोघांचीही नावे ऐकली नव्हती. मात्र फुटबॉलमधील एडगर डाव्हिड्सचे १९९९ नंतरचे ते प्रसिद्ध गॉगल पाहून त्याने छायाचित्र मागून घेतले.

विघ्न यायचे होते ते एका आंतरशालेय स्पर्धेत आले. सामन्यापूर्वी पंचांनी चष्मा काढायला लावला. नियमात बसत नाही, म्हणाले. पूर्वार्ध मुलगा चष्म्याविना खेळला आणि लांबून आलेले दोन चेंडू जाळ्यात गेले. मध्यंतरात आमच्या प्रशिक्षकाने नियमावलीचा चौथा नियम भ्रमणध्वनीवर काढून दाखवला. खेळासाठीचे चष्मे धोकादायक नसतील तर त्यात मान्य आहेत. पंचांनी तो दोनदा वाचला, चौकट हाताने वाकवून पाहिली आणि चष्मा परत दिला. सामना आम्ही हरलोच. उत्तरार्धात मात्र एकही गोल झाला नाही.

आता 'खेळणं बंद' याच्या दुसऱ्या बाजूविषयी. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांतील मुलांवर तीन वर्षे प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतील मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक काळ उघड्यावर पाठवले. त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, इतर शाळांत ३९.५ टक्के. तैवानमध्ये तर मुलांनी रोज दोन तास घराबाहेर राहावे अशी मोहीम शाळांतून राबवली गेली. बाहेरचा लखलखीत उजेड डोळ्याची लांबट वाढ रोखतो, असे तज्ज्ञ मानतात. एकदा आलेला नंबर खेळण्याने उतरत नाही आणि तो वाढतच नाही असेही नाही. त्यासाठी डॉक्टर काही मुलांना अत्यल्प मात्रेचे अ‍ॅट्रोपीनचे थेंब देतात, ते त्यांच्याच सल्ल्याने घ्यावेत. पण ज्या घरात चष्मा लागला म्हणून मुलाला मैदानावरून उचलून चार भिंतींत, हातात भ्रमणध्वनी देऊन बसवले जाते, तेथे औषध काढून घेऊन रोग वाढवला जातो. पनवेलमध्ये मैदानेच आता किती उरली आहेत, हा प्रश्न मी येथे उघडत नाही. आमची मुले ज्या मोकळ्या भूखंडावर खेळत, तेथे गेल्या पावसाळ्यानंतर पत्र्याचे कुंपण आले. सध्या ती चर्चच्या आवारात खेळतात. खिडक्यांच्या दोन काचा फुटल्या. त्या जागी काय बसवावे हे मला आता ठाऊक आहे.

वर्षाने पुन्हा तपासणी झाली. नंबर उणे तीन झाला. चौकट तीच ठेवली, केवळ भिंगे बदलली. खर्च निम्म्याहून कमी आला. बुटांचे पैसेही साठले होते, तेव्हा बूटही आले. त्या दिवशी आई आपल्या धाकट्या मुलीलाही सोबत घेऊन आली होती. मुलगी सहा वर्षांची. तिला कोणतीच तक्रार नव्हती, कोणी सांगितलेही नव्हते. डोळ्यांत थेंब घालून ती बाकावर बसली होती आणि उजेड टोचतो म्हणून आईच्या पदरात तोंड खुपसून, आपला नंबर कधी येतो हे पुन्हा पुन्हा विचारीत होती.